बारीक तोंडाची वायर

सन २०१२ ची ही गोष्ट. दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली होती आणि धुळ्यात प्रेमराजभाऊंच्या टीव्हीच्या दुकानात मी एका आकड्याला टांगलेली होते. मित्रांनो, तुमच्या टीव्हीच्या मागे एक काळी, जाडसर वायर धूळ खात असते ना, त्या जातीची मी. आम्हाला एचडीएमआय केबल म्हणतात. चित्र आणि आवाज, दोन्ही आम्ही एकाच वाटेने नेतो. मी आता म्हातारी झाले. वायरीच्या मानाने चौदा वर्षे फार होतात.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता येणार नाही. एवढे आठवते की आत एकोणीस बारीक तारा होत्या, त्यांच्यावर गरम काळे वेष्टण चढले आणि शेवटी दोन्ही टोकांना धातूची तोंडे बसवली. तिथेच माझे वेगळेपण ठरले. माझ्या बहिणींची दोन्ही तोंडे रुंद होती. माझे एक तोंड रुंद आणि दुसरे अगदी बारीक, करंगळीच्या नखाएवढे. त्यामुळे दुकानात बहिणी भराभर विकल्या गेल्या आणि मी आकड्यावर राहिले. गिऱ्हाईक मला हातात घेई, बारीक तोंड बघे आणि परत अडकवून ठेवी.

टांगल्या टांगल्या मी पुष्कळ ऐकले. त्या वेळी १.४ नावाची वायर नवी होती आणि मी तीच होते. प्रेमराजभाऊ प्रत्येकाला सांगत, "हिच्यापुढे आता काही येणार नाही. शेवटची समजा."

एक पेन्शनर काका चष्मा सावरत म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी १.३ देताना तुम्ही हेच बोलला होता. तिला बाळ झालं वाटतं?"

"काका, टेक्नॉलॉजी आहे. वाढणारच."

"वाढू द्या. पण माझ्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाई तीच आहे ना?"

दुकानातले सगळे हसले, प्रेमराजभाऊही. काका मात्र नवी वायर घेऊनच गेले. माणसे कुरकुरत येत आणि नवे घेऊन जात, हे मी तेव्हापासून बघते आहे.

मला नेले अर्पितने. दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी सोहनलालशेठ, त्यांचा हा मोठा मुलगा. त्याने घरी होम थिएटर बसवले होते आणि हातात धरायचा एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. कॅमेऱ्याच्या खोक्यात टीव्हीला जोडायची वायर नव्हती. प्रेमराजभाऊंनी कॅमेऱ्याचे बारीक भोक पाहिले, वर हात केला आणि मला काढले. "बघ, हिचं नशीब उघडलं," ते म्हणाले.

त्या घरात शिरताना पहिल्यांदा मिरचीचा खाट आला. खाली गोदाम, वर घर. वर्षातले सहा महिने तिथला टीव्हीसुद्धा शिंकत असेल. सोहनलालशेठ होम थिएटरचे पाच स्पीकर बघून म्हणाले होते, "बोलणारे डबे पाच आणि ऐकणारी माणसं चार." चार म्हणजे ते स्वतः, त्यांच्या पत्नी धनकुंवरबाई, अर्पित आणि धाकटी जिनल. अर्पितचे लग्न अजून व्हायचे होते.

आणि चारातली एक लवकरच जाणार होती. जिनल दीक्षा घेणार होती. जैन साध्वी होणार होती. कॅमेरा तिच्यासाठीच घेतला होता, कारण त्या घरातल्या लोकांच्या संप्रदायात दीक्षा झाल्यावर साध्वीचा फोटो काढत नाहीत, तिचे चित्र ठेवत नाहीत. जे काय टिपायचे ते त्याआधी.

२०१३ च्या माघात दीक्षा झाली. मी त्या दिवशी टीव्हीमागेच होते. दोन दिवसांनी सोहनलालशेठांनी कॅमेरा माझ्या बारीक तोंडाला जोडला आणि तो सगळा दिवस माझ्यातून गेला. वरघोड्याची मिरवणूक, बँड, नवरीसारखी नटलेली जिनल, दोन्ही हातांनी तांदूळ आणि नाणी उधळणारी. पण मी सांगणार आहे ते निराळे, त्या सकाळचे. सगळे घराबाहेर निघालेले असतात. अर्पित कॅमेरा धरून जिन्यात उभा. जिनल दारापाशी येते, वाकते, दाराआड बघते आणि नेहमीसारखी हाक मारते,

"बाई, म्हारी चप्पल कठै?"

बाई, माझी चप्पल कुठे? त्या घरात आईला बाई म्हणत. एवढे बोलून जिनल थांबते. आजपासून आयुष्यभर अनवाणी चालायचे आहे हे तिच्या ध्यानात येते आणि ती खुदकन हसते. चित्रात आईही दिसते. तीही हसते, पण उत्तर देत नाही. मग जिनल अनवाणीच जिना उतरते.

यानंतर धनकुंवरबाईंना कोणी मुलीच्या आवाजात बाई म्हटले नाही. साध्वी झाल्यावर नाती सुटतात. नाव बदलले, महासती शमिताजी झाले. पुढे एकदा, २०१९ मध्ये, महासतीजी पायी चालत भुसावळच्या जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वींच्या उतरण्याच्या जागी, आल्या होत्या. दोघे नवरा-बायको दर्शनाला गेले. आईने मुलीला वंदन केले. मुलीने तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेली होती. तिच्याआडून ती सर्वांना म्हणते तेच आईलाही म्हणाली, "दया पालो." घरी आल्यावर धनकुंवरबाई शेठांना म्हणाल्या, "आवाज तिचाच आहे का हो? कापडामुळे कळलं नाही."

शेठांनी कॅमेरा काढला आणि मला जोडला.

दरवर्षी माघात ते हे करत. अर्पितला हाक न मारता, चष्मा कपाळावर सरकवून, माझे बारीक तोंड कॅमेऱ्यात हलकेच दाबत. मिरचीची पोती हाताळणाऱ्या माणसाची बोटे, पण मला कधी झटका लागला नाही. मधल्या काळात कॅमेरा एका लग्नात जिन्यावरून पडला. त्याचा छोटा पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटरला जोडायची जागा मोडली. माझी जागा तेवढी शाबूत राहिली. दुरुस्तीला पाठवावा तर आतले पुसले जाईल अशी भीती, म्हणून बाई तो हातातून सोडेनात.

माझे चांगले दिवस ते. वर्षातून एक दुपार. उरलेले सगळे दिवस मी टीव्हीमागे लोंबत असे आणि रुंद तोंडांच्या वायरींचा रुबाब बघत असे.

२०२० मध्ये सोहनलालशेठ गेले. त्याआधीच अर्पित मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड घेऊन धुळ्याला गेला होता. शेठ गेल्यावर त्याने आईसाठी मोठा नवा टीव्ही लावला आणि त्याच्याबरोबर नवी वायर. "बाई, २.१ आहे ही, आता दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला. मला काढून ड्रॉवरमध्ये टाकले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याने मला एकदाच विकत आणले होते, जोडले कधीच नव्हते. जोडणारे शेठ होते आणि ते आपल्याबरोबर ती माहिती घेऊन गेले.

त्या मोठ्या घरात मग धनकुंवरबाई एकट्या राहिल्या. रोज सकाळी वच्छलाबाई झाडलोट करायला येत. रुळांच्या पलीकडे त्यांचे घर. त्या आल्या की घरात अर्धा तास आवाज होई. त्या गेल्या की मला ड्रॉवरमधून फक्त घड्याळ ऐकू येई.

मित्रांनो, मी त्याच ड्रॉवरमध्ये राहिले असते तर पुढची शोधाशोध झालीच नसती. २०२१ च्या पर्युषणात धनकुंवरबाईंनी एक नियम घेतला. ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, आत घराबाहेर द्यायची, आणि दिलेली वस्तू पुन्हा घरात घ्यायची नाही. आसक्ती कमी करायची म्हणून लोक असे नियम घेतात. मला तेव्हा वाटले, म्हातारीला आवराआवर करायची आहे. पण त्या पहिल्यांदा दाराआड गेल्या आणि दीक्षेनंतर आठ वर्षे तिथे जपून ठेवलेली जिनलची चप्पल घेऊन आल्या. तेव्हा मला कळले, नियम त्या चप्पलसाठी होता. बाकीचे सामान तिच्या सोबतीला होते.

चप्पल, उशांचे अभ्रे, दोन थर्मास, ड्रॉवरमधल्या वायरी. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. टीव्हीमागची कुठली तरी वायर, एवढीच त्यांना माझी ओळख. सगळे एका चादरीत बांधून त्यांनी वच्छलाबाईंना दिले.

"अक्का, चप्पल ते चांगली शे," वच्छलाबाई म्हणाल्या. "राहू द्या ना घरमा."

"घाल तू. पायात राहू दे कुणाच्या तरी."

अशी मी रुळांपलीकडे आले. वच्छलाबाईंकडे टीव्ही होता, पण त्याला माझी गरज नव्हती. त्यांनी मला दोरीसारखे वापरून गोधडीची वळकटी बांधायला सुरुवात केली. सकाळी बांधायची, संध्याकाळी सोडायची. माझी धातूची तोंडे गोधडीला ओरखडतात असे दिसल्यावर त्यांनी दोन्ही तोंडांवर चिंध्या गुंडाळून दोऱ्याने घट्ट आवळल्या. मी साडेतीन वर्षे तशीच अंधारात होते. रोज सुरतेची गाडी गेली की घराची भिंत थरथरे आणि मला कळे, दिवस उजाडला. मी कोण आहे हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. चित्र, आवाज यांचा संबंध सुटला. कधी कधी मलाच शंका येई की ती सकाळ खरेच माझ्यातून गेली होती का.

पुढचे मला वच्छलाबाईंच्या बोलण्यातून समजले. २०२५ च्या जानेवारीत धनकुंवरबाईंना धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डावा कान आधीच गेलेला. डॉक्टर म्हणाले, उजवाही वर्षभर साथ देईल, फार तर. मशीनने आवाज मोठा येईल, पण कोणाचा आवाज आहे ते ओळखू येईलच असे नाही. घराजवळ आल्यावर बाई अर्पितला म्हणाल्या, "मला जिनलची चप्पल ऐकायची आहे. कान आहे तोवर."

अर्पितने त्याच रविवारी कॅमेरा काढला. टीव्हीमागची नवी वायर लावून बघतो तर तिचे तोंड रुंद, कॅमेऱ्याचे भोक बारीक. त्याने मनाशी ठरवले की व्हर्जन बदलले तशी कंपन्यांनी तोंडेच बदलून टाकली. कॅमेरा घेऊन तो प्रेमराजभाऊंकडे गेला. प्रेमराजभाऊ आता दुकानात नुसते बसतात, धंदा मुलगा बघतो. मुलाने कॅमेरा उलटसुलट केला आणि म्हणाला, "हे फार जुनं मॉडेल. आता २.२ जाहीर झाली आहे. थोडं थांबा, सगळंच नवं घ्या."

"आईचा कान थांबत नाही हो," अर्पित म्हणाला.

मग त्याने मोबाइलवरून बारीक तोंडाची वायर मागवली. आली ती आणखी बारीक तोंडाची निघाली. दुसरी मागवली, तिच्या चित्रात एक होते आणि पाकिटात दुसरे. माघ लागला. आई रोज सकाळी फोनवर एकच विचारी, "आली का?" आणि अर्पित सांगे, "येईल." आपला फोनवरचा आवाज तिला पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतो आहे, हे त्याच्या लक्षात येत होते.

एका रविवारी अर्पित दोंडाईच्याला आईकडे आला होता. कॅमेरा टेबलावर होता. वच्छलाबाई टेबल पुसत होत्या. त्यांनी कॅमेरा उचलला, खालून पुसला, आणि त्याच्या त्या भोकात फडक्याचे टोक घालता घालता थांबल्या.

"भाऊ, आठे काय बसस?"

"वायर. तीच मिळत नाही ना."

"एक तोंड मोठं नि एक बारीक?"

"हो."

"मंग ती ते मना घर शे. गोधडी बांधेल शे तिन्हावर."

अर्पित म्हणाला, "मावशी, मी महिनाभर गावभर हिंडतोय."

"तुम्ही बठ्ठासले इचारं. माले कोठे इचारं?" बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

त्या तशाच घरी आल्या. वळकटी सोडली, दातांनी दोरा तोडला, चिंध्या काढल्या. किती दिवसांनी माझ्या तोंडाला वारा लागला. त्या चिंध्यांमुळेच मला गंज चढला नव्हता, खाच बुजली नव्हती. पदरात गुंडाळून त्यांनी मला आणले.

आणि दारातच अडले. धनकुंवरबाईंनी मला पाहिले, वच्छलाबाईंच्या पदराकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरकल्या.

"ही मी दिलेली आहे?"

"हां अक्का. चप्पलसंगे."

"मग मला घेता येणार नाही. नियम आहे माझा."

अर्पितने कपाळावर हात मारला. "बाई, वायर आहे ती. लाडू नाही. जोडायची आणि काढायची."

"लाडू असता तर सोपं होतं. जे सोडताना मला सर्वांत जड गेलं त्याच्याबरोबर ही गेली आहे. आता हिला आत घेतलं तर मी काय सोडलं?"

मी पदरात होते, कॅमेरा टेबलावर होता, मध्ये दहा पावले. मला चालता येत असते तर मी गेले असते, पण गेले असते तरी त्या माउलीने मला परत फिरवले असते. तिला ते ऐकायचे होते, आणि ऐकण्यासाठी शब्द मोडायचा नव्हता. दोन्ही खरे होते.

वच्छलाबाईंनी उंबऱ्याबाहेर चप्पल काढली. "अक्का, तुम्ही लेऊ नका. वायर मनी शे. मी बसाले उनी. मनी वायर मी हातमा धरीसन बसस. उठसू तव्हय मनासंगे ली जासू."

म्हणजे वायर वच्छलाबाईंची, ती हातात धरून त्या नुसत्या बसणार आणि उठताना आपल्याबरोबर परत नेणार. नियम मोडत नाही ना, हे धनकुंवरबाईंनी मनात दोन्ही बाजूंनी तपासले असावे. मग विचारले, "तू मला देत नाहीस ना?"

"नही. देवानी नही शे माले."

"मग बस."

वच्छलाबाई टीव्हीखाली मांडी घालून बसल्या. माझ्या पोटाला त्यांनी मुठीत धरले. अर्पितने माझे रुंद तोंड टीव्हीत घातले आणि बारीक तोंड कॅमेऱ्यात. "एवढी जुनी, ह्या टीव्हीला चालेल का?" तो पुटपुटला. मलाही तीच धास्ती होती. टीव्ही माझ्यापेक्षा दोन पिढ्या पुढचा. पडदा काळा झाला. काळाच राहिला. धनकुंवरबाई उजवा कान पुढे करून बसल्या होत्या.

मग चित्र आले.

अर्पितने बँड, मिरवणूक, सगळे पुढे पळवले. जिना आला. दार आले. जिनल वाकली, दाराआड पाहिले.

"बाई, म्हारी चप्पल कठै?"

ती हसली, चित्रातली आई हसली. आणि सोफ्यावर बसलेल्या आईने बारा वर्षांनी उत्तर दिले.

"दे दी बेटा. वच्छलाने दे दी."

दिली बेटा, वच्छलाला दिली. उंबऱ्याबाहेर ती चप्पल होतीच. दोनदा तळ बदललेली, अंगठा नव्याने शिवलेली. वच्छलाबाईंनी माझ्यावरची मूठ सोडली नाही, फक्त दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "आजू लावा, भाऊ," त्या म्हणाल्या. "अक्काले आजू आयकू द्या." त्या दुपारी ती हाक माझ्यातून अकरा वेळा गेली.

उठताना वच्छलाबाईंनी मला दोन्हीकडून स्वतःच्या हाताने काढले आणि पदरात गुंडाळून घरी नेले. धनकुंवरबाईंनी मला बोटही लावले नाही.

त्यानंतर कोणाचे काय झाले ते सांगते आणि थांबते.

प्रेमराजभाऊंच्या दुकानात आता २.२ ची पाटी लागली आहे. ती शेवटचीच आहे असे त्यांचा मुलगा गिऱ्हाइकांना सांगतो. पेन्शनर काका दोन टीव्ही आणि तीन वायरी बदलून वारले. अर्पितने ती दुपार मोबाइलवर टीव्हीसमोर उभा राहून टिपून घेतली. त्यात वच्छलाबाईंचा खोकलाही आला आहे, तो त्याने काढला नाही. हल्ली तो रोज संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करतो आणि सावकाश, तोंड नीट उघडून बोलतो. महासती शमिताजी कर्नाटकात आहेत, अनवाणी चालत आहेत. आपल्या एका हाकेसाठी दोंडाईच्यात एवढे झाले, हे त्यांना कोणी कळवलेले नाही. कॅमेरा अजून चालू आहे, पण त्याचा गळा घरघरतो.

धनकुंवरबाईंचा उजवा कान गेल्या दिवाळीत गेला. तरी या माघात वच्छलाबाई मला घेऊन बसायला गेल्या. आवाज लावण्यात अर्थ नव्हता, पण अर्पितने लावला. बाई पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसल्या. त्या सकाळी जिनलच्या तोंडावर अजून मुहपत्ती चढलेली नव्हती. ओठ उघडे होते. बाईंनी ओठांवरून हाक वाचली आणि मान डोलावली. उत्तर दिले नाही, ते आधीच देऊन झाले होते.

मी परत गोधडीवर आहे. तोंडांना चिंध्या आहेत. वर्षातून एक दुपार माझी असते आणि बाकीचे दिवस सुरतेच्या गाडीचे. वाईट वाटते का, तर वाटते. पण सवय झाली आहे.

मित्रांनो, नवी वायर जरूर घ्या. ती माझ्यापेक्षा सरस आहे, त्यात खोटे काही नाही. जुनी टाकण्याआधी मात्र तिची दोन्ही टोके एकदा बघा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस वर्षातून एकदा काही तरी जोडत असेल, तर त्याच्या शेजारी बसून ते कसे जोडतात, ते शिकून ठेवा.